गरोदरपणातील स्तनाचा कर्करोग वारेपर्यंत पोहोचतो का?

भांडुपला राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वहिनी एकतीस वर्षांच्या असून पहिलटकरीण आहेत आणि त्यांना चोविसावा आठवडा चालू आहे. चौथ्या महिन्यात उजव्या स्तनात गाठ हाताला लागली, परंतु ती दुधाची गाठ असेल असे घरात सर्वांनी मानल्यामुळे दोन महिने शेकण्यात गेले. आता बायोप्सीत ग्रेड तीनचा (म्हणजे वेगाने वाढणारा), ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (म्हणजे दोन हार्मोन आणि हर-२ या तिन्ही चाचण्या नकारार्थी आलेला) कर्करोग निघाला आहे आणि काखेतील एका लसिकाग्रंथीतही तो पोहोचला आहे. इंटरनेटवर वारेत (प्लासेंटात) कर्करोग पसरल्याचे वाचून घर हादरले आहे. हा रोग वारेतून बाळाला होईल का, गर्भपात करावा किंवा बाळाला लवकर बाहेर काढावे का, बाळाला आईचे दूध मिळेल का आणि नणंद या नात्याने आपण स्वतः तपासणी करून घ्यावी का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. परळ परिसरात गेली सव्वीस वर्षे स्तनाच्या गाठी आणि प्रसूतीनंतरच्या वारा अशा दोन्ही गोष्टी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येत असल्यामुळे हा प्रश्न अगदी माझ्या टेबलावरचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. स्तनाचा कर्करोग वारेत सापडणे हीच मुळात अतिशय विरळ घटना आहे आणि तो वार ओलांडून बाळाच्या शरीरात रुजल्याची खात्रीशीर नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. आज वहिनींना आणि बाळाला जो धोका आहे तो वारेपेक्षा उपचार लांबण्यात अधिक आहे.

वार म्हणजे नेमके काय, हे समजले की ही भीती बरीच आटोक्यात येते. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, वीस-बावीस सेंटिमीटर रुंदीची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची असते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त तिच्यात एकत्र होते अशी पुष्कळांची समजूत असते, पण तसे घडत नाही. आईचे रक्त वारेतील पोकळीत येते आणि त्या रक्तात बाळाच्या बाजूचे, झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले सूक्ष्म अंकुर बुडालेले असतात. बाळाचे रक्त त्या अंकुरांच्या आतल्या केशवाहिन्यांतून वाहते. दोन्ही रक्तांच्या मध्ये अंकुराचे बाहेरचे आवरण, आतली संयोजी ऊती आणि केशवाहिनीची भिंत असे थर असतात. प्राणवायू, साखर, प्रतिपिंडे आणि काही औषधे हे थर पार करतात, परंतु अख्ख्या पेशीला तसा मोकळा रस्ता नसतो. आईच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी फिरत असतील तर त्या या पोकळीपर्यंत येऊ शकतात, कारण तेथे आईचेच रक्त असते. म्हणूनच ज्या थोड्या वारांमध्ये रोग सापडला आहे, त्यांत तो बहुधा पोकळीतच, अंकुरांच्या बाहेर अडकलेला दिसतो. पेशी अंकुराच्या आत शिरलेल्या दिसणे हे त्याहूनही दुर्मीळ असते आणि आमच्या अहवालात सर्वांत जास्त महत्त्व त्याच एका गोष्टीला असते.

पुढची राखण बाळाची प्रतिकारशक्ती करते. बाळाची अर्धी जनुके वडिलांकडून आलेली असल्यामुळे आईची पेशी बाळाच्या शरीरात परकीच ठरते आणि ती बहुधा ओळखून नष्ट केली जाते. २००९ मध्ये जपानमधील एका आईचा रक्ताचा कर्करोग तिच्या मुलीत पोहोचल्याचे जनुकीय पुराव्यासह प्रसिद्ध झाले, तेव्हा संशोधकांना असे आढळले की त्या पेशींनी परकेपणाची खूण सांगणारा जनुकांचा भागच गमावलेला होता. म्हणजे पहारेकऱ्याला ओळख पटू नये अशा वेशात त्या आत गेल्या होत्या. असा योग किती दुर्मीळ असतो, हे त्या प्रकरणाने उलट अधिक स्पष्ट केले.

आईचा कर्करोग गर्भापर्यंत गेल्याचे वर्णन निकोलाउस फ्रीडराइख या जर्मन वैद्यांनी १८६६ मध्ये केले होते. तेव्हापासून आजवर सर्व प्रकारचे कर्करोग धरूनही वारेत प्रसार झाल्याच्या प्रसिद्ध नोंदी शंभरीच्या आसपासच आहेत. त्यांत सुमारे एक तृतीयांश वाटा त्वचेच्या मेलानोमाचा असून बाळापर्यंत पोहोचण्यातही तोच सर्वांत पुढे आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या नोंदी मोजक्या आहेत आणि त्यांतील बहुतेक स्त्रियांमध्ये रोग यकृत, फुप्फुसे किंवा हाडांपर्यंत आधीच पसरलेला होता. प्रत्येक रुग्णेची वार तपासली जात नसल्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी असणार, हे मला मान्य आहे; परंतु गरोदरपणात स्तनाचा कर्करोग सुमारे तीन हजार ते दहा हजार गर्भवतींमागे एकीला होतो, हे ध्यानात घेतले तर जगभरात अशा स्त्रियांची संख्या मोठी भरते आणि त्यांच्या बाळांमध्ये आईचाच स्तनाचा कर्करोग दिसू लागला असता तर तो इतकी वर्षे लपून राहिला नसता.

तुम्ही पाठवलेल्या बातमीतील मुलांबद्दल एक खुलासा करणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये जपानमधील ज्या दोन मुलांच्या फुप्फुसांत आईच्या कर्करोगाच्या पेशी सापडल्या, त्यांच्या आयांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि जन्माच्या वेळी योनिमार्गातून येताना त्या पेशी बाळांच्या श्वासात गेल्या असाव्यात, असा तेथील डॉक्टरांचा निष्कर्ष होता. वारेचा त्यात संबंध नव्हता. स्तनाच्या कर्करोगात बाळाचा मार्ग रोगाच्या जागेवरून जातच नाही, त्यामुळे केवळ या कारणासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते. ते करायचे की नाही हे नेहमीच्या प्रसूतिशास्त्रीय कारणांवरून ठरते.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर घरात सर्वांत जास्त वाद चालला आहे असे तुमच्या पत्रावरून वाटते. गर्भपात केल्याने आईचे आयुष्य वाढते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. वय आणि रोगाची पायरी सारखी असताना, योग्य उपचार वेळेवर मिळालेल्या गर्भवतीचे भवितव्य गर्भवती नसलेल्या रुग्णेहून फार वेगळे नसते. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत रोग आक्रमक निघाला आणि केमोथेरपी पुढे ढकलणे शक्य नसले तर प्रश्न वेगळा होतो आणि तेव्हा निर्णय त्या स्त्रीचाच असतो. चोविसाव्या आठवड्यात मात्र वैद्यकीय बाजूने तसे कारण नाही. कायदाही येथे आखडता हात घेतो, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतरही वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा ठराविक गटांतील स्त्रियांपुरती आहे आणि त्यापुढे आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज किंवा गर्भात गंभीर व्यंग असल्याचा वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो.

बाळाला आठव्या महिन्यातच बाहेर काढून मग निश्चिंतपणे उपचार करू, हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण बहुतेक वेळा तो बाळाचे नुकसान करतो. बेल्जियममधील फ्रेडरिक आमान्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या आयांना गरोदरपणात कर्करोग झाला होता आणि त्यांपैकी ९६ मुले पोटात असताना आईला केमोथेरपी मिळालेली होती. इतर मुलांशी तुलना करता त्यांची वाढ, हृदयाचे कार्य आणि बौद्धिक विकास यांत लक्षणीय फरक आढळला नाही. बौद्धिक गुण कमी असण्याचा संबंध जुळला तो अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी, मग आईला कर्करोग असो वा नसो. पोटातील एकेक आठवडा बाळासाठी मोलाचा आहे, आणि केमोथेरपी चालू असतानाही तो त्याला देता येतो.

वहिनींच्या बाबतीत त्यांच्या ट्यूमर बोर्डाने, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, केमोथेरपी आधी आणि शस्त्रक्रिया प्रसूतीनंतर असा क्रम सुचवला असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तो मला योग्य वाटतो. बाळाचे अवयव पहिल्या तिमाहीत घडत असतात, म्हणून त्या काळात ही औषधे टाळली जातात. बारा-चौदा आठवड्यांनंतर डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधे देण्याचा अनुभव जगभर पुष्कळ आहे आणि तेव्हा व्यंगाचे प्रमाण इतर गर्भवतींइतकेच राहते. जिच्याविषयी तुम्हाला एवढी धास्ती वाटते आहे, ती वारच डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा बराचसा भाग आईकडे परत ढकलते. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे मात्रा मोजल्या तर पंचविसावा, अठ्ठाविसावा, एकतिसावा आणि चौतिसावा आठवडा येतो आणि तेथे थांबून सदतीस-अडतीस आठवड्यांना प्रसूती करता येते. मधले तीन आठवडे मुद्दाम मोकळे ठेवायचे असतात, कारण औषधामुळे आईच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी असताना कळा सुरू झाल्या तर रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पस्तिसाव्या आठवड्यानंतर मात्रा देत नाहीत ती याच कारणाने. दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफीत बाळाची वाढ आणि नाळेतील रक्तप्रवाह पाहिला जाईल. रेडिएशन, इम्युनोथेरपी आणि, ज्यांना ती लागतात त्या रुग्णांमध्ये, टॅमोक्सिफेन किंवा ट्रास्टुझुमॅब ही औषधे मात्र प्रसूतीनंतरच द्यायची असतात. ट्रास्टुझुमॅबने गर्भजल कमी होते.

डोहाळजेवण करू की नको, असे तुमच्या आईंनी विचारले आहे आणि हा प्रश्न मला मुळीच किरकोळ वाटत नाही. जरूर करा. फक्त मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा गर्दी टाळावी आणि पुढच्या मात्रेच्या आधीचे दोन-चार दिवस निवडावेत. केस गेलेले असतील, तर त्यावर कोणी काही बोलणार नाही एवढी काळजी घरच्यांनीच घ्यायची आहे.

तपासण्यांविषयी थोडक्यात सांगते. पोटावर शिशाचे आवरण ठेवून केलेली मॅमोग्राफी आणि छातीचा एक्स-रे यांतून बाळापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो, स्तनाची आणि यकृताची सोनोग्राफी निर्धोक आहे आणि गरज पडली तर गॅडोलिनियम न देता एमआरआय करता येतो. पेट-सीटी आणि हाडांचा स्कॅन प्रसूतीपर्यंत थांबू शकतात. बायोप्सी जाड सुईनेच करावी, कारण गरोदरपणात स्तनाच्या पेशी इतक्या वेगाने वाढत असतात की बारीक सुईच्या नमुन्यात त्या कर्करोगासारख्या भासू शकतात. आणि नमुन्यासोबतच्या अर्जावर रुग्ण गर्भवती आहे हे लिहिलेले नसले तर माझ्यासारख्यांची फसगत होण्याची शक्यता वाढते.

गाठ चौथ्या महिन्यात लागली आणि निदान सहाव्यात झाले, याबद्दल घरात कोणी कोणाला दोष देऊ नये. या दिवसांत स्तन भरतात, घट्ट होतात, आणि गाठ त्यात हरवते. माझी तक्रार आहे ती आपल्या प्रसूतिपूर्व तपासणीच्या पद्धतीविषयी, कारण नाव नोंदवताना वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर हे सारे पाहिले जाते आणि स्तनांना मात्र हात लावला जात नाही. याच मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता, आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली तरी रोग लवकरच्या पायरीत सापडतो, हे त्यातून दिसले. त्या स्त्रिया ३५ ते ६४ वयाच्या होत्या, तेव्हा तो निष्कर्ष तरुण गर्भवतींना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण नाव नोंदवण्याच्या दिवशी दोन मिनिटांची तपासणी करायला काय हरकत आहे? दोन आठवड्यांत न विरघळलेली गाठ सोनोग्राफीला पाठवावी, मग ती दुधाची वाटो वा आणखी कशाची.

आता वारेकडे परत येते, कारण या बाबतीत तुमच्या हातात करण्यासारखे काही आहे. वहिनींची वार तपासणीला गेलीच पाहिजे. नियमाप्रमाणे प्रसूतीनंतरची वार जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते आणि कोणी आधी सांगितलेले नसेल तर ती काही मिनिटांत गेलेली असते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णेची वार आमच्याकडे येणार असे ठरले होते, पण प्रसूती रात्री अडीचला दुसऱ्याच प्रसूतिगृहात झाली, पाळी बदललेली होती, आणि सकाळी मी विचारणा केली तेव्हा पिशवी निघून गेली होती. तिच्या बाळाला काही झाले नाही, परंतु त्या आईला जे निश्चित उत्तर देता आले असते ते कायमचे राहून गेले. मुंबईत हा घोळ सहज होतो, कारण कर्करोगाचे उपचार एकीकडे आणि बाळंतपण दुसरीकडे असते. परळमध्ये १९४१ पासूनचे टाटा स्मारक आणि १९२६ पासूनची के.ई.एम. व वाडिया प्रसूती रुग्णालय ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तरी एका इमारतीतील केसपेपर दुसऱ्या इमारतीत आपोआप पोहोचत नाही. तो तुम्हीच न्यायचा असतो.

म्हणून तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रसूतितज्ज्ञांना सांगून केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या: ‘आईला स्तनाचा कर्करोग, वार संपूर्ण हिस्टोपॅथॉलॉजीसाठी पाठवणे.’ वार अखंड, नाळ आणि पडद्यांसह पाठवायची असते. त्याच दिवशी पोहोचवता येत असेल तर झाकणाच्या स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये ठेवून ताजी आणली तरी चालते, पण ती गोठवू नये. नाही तर भरपूर दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवावी. सलाईनमध्ये ठेवलेली वार आमच्या फारशी उपयोगाची राहत नाही. अर्जात कर्करोगाचा प्रकार आणि मूळ बायोप्सीचा क्रमांक अवश्य असावा.

आम्ही ती वार एकेक सेंटिमीटरच्या चकत्यांमध्ये कापतो आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे सूक्ष्मदर्शकासाठी घेतो, कारण रोग असलेली वारही डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसू शकते. उलट, पांढरट घट्ट गाठी दिसल्या तरी त्या बहुधा रक्तपुरवठा तुटलेले भाग किंवा फायब्रिनचे थर निघतात आणि ते निरोगी आयांच्या वारांतही असतात, त्यामुळे ‘वारेत गाठी दिसल्या’ असे प्रसूतिगृहात कोणी म्हणाले तर अहवाल येईपर्यंत घाबरू नका. येथे आणखी एक सापळा असतो. स्तनाच्या पेशी ओळखण्यासाठी आम्ही वापरतो त्या सायटोकेराटिन आणि गाटा-३ या रंजक चाचण्या वारेच्या स्वतःच्या पेशींनाही रंगवतात. म्हणून मूळ बायोप्सीच्या काचा शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करावी लागते, आणि अहवालाला आठ-दहा दिवस लागले तर त्यामागे हे कारण असू शकते.

अहवालात काही नाही असे आले, आणि तेच येण्याची शक्यता फार मोठी आहे, तर बाळाला नेहमीच्या लसी आणि नेहमीच्या तपासण्या पुरतात. पोकळीत पेशी सापडल्या तर त्याचा पहिला अर्थ आईसाठी आहे: रोग रक्तातून फिरतो आहे, म्हणून तिची संपूर्ण शरीराची तपासणी तातडीने करावी लागेल. बाळाला त्यामुळे कर्करोग झाला असा अर्थ होत नाही, मात्र बालरोगतज्ज्ञ जन्मानंतरची पहिली दोन वर्षे ठराविक अंतराने त्याची शारीरिक तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि काही रक्ततपासण्या करत राहतील. अंकुरांच्या आत पेशी दिसल्या तर हे लक्ष अधिक बारकाईने ठेवले जाईल. बाळाला केवळ संशयावरून कोणतीही केमोथेरपी दिली जात नाही.

दुधाच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला वाईट वाटते. प्रसूतीनंतर एक ते तीन आठवड्यांत उपचार पुन्हा सुरू होतील, आणि केमोथेरपीची औषधे दुधात उतरत असल्यामुळे तेव्हा अंगावर पाजता येणार नाही. कर्करोगाच्या पेशी दुधातून बाळाला रोग देतील म्हणून दूध बंद करतात, हा समज मात्र चुकीचा आहे. चीक पाजायचा का, हे शेवटची मात्रा कधी झाली त्यावरून त्यांचे डॉक्टर ठरवतील. दूध थांबवण्याची गोळी आणि दूधपेढीची चौकशी या दोन्ही गोष्टी प्रसूतीआधीच करून ठेवा.

शेवटी तुमच्याविषयी. एकतिसाव्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह रोग झालेल्या प्रत्येक स्त्रीची बीआरसीए जनुकांची (यांत दोष असला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि तो दोष आनुवंशिक असतो) तपासणी व्हायला हवी आणि वहिनींचे रक्त त्यासाठी आताही घेता येईल. परंतु तुम्ही त्यांच्या नणंद आहात, म्हणजे रक्ताचे नाते नाही, आणि त्यांच्या निकालाने तुमचा धोका वाढत किंवा कमी होत नाही. तो निकाल सांगायचा आहे वहिनींच्या माहेरी, त्यांच्या आई-वडिलांना आणि सख्ख्या भावंडांना. दोष सापडला तर त्या प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी धरून चालावे लागते, भावांमध्येही.